टीव्हीला न कळलेला पेन ड्राइव्ह

पेन ड्राइव्हच्या बाबतीत परीक्षितला काही शिकवील असा माणूस मिशिगनमधल्या अख्ख्या ट्रॉय गावात नव्हता. निदान परीक्षितचं तरी तसंच मत होतं. मोटारींच्या स्क्रीनमागची फ्लॅश मेमरी सांभाळणं हीच त्याची नोकरी. म्हणून त्याच्या सासूबाईंच्या पंचाहत्तरीची फिल्म पेन ड्राइव्हवर घालायचं काम त्याच्या बायकोने, आश्लेषाने, त्याच्यावर सोपवलं. नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांच्या मागे लागून, त्यांचे व्हिडिओ जोडून तिने ती केली होती.

पेन ड्राइव्हने फाइल घ्यायलाच नकार दिला.

"जुन्या फॅट थर्टीटू पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे हा. एवढी मोठी फाइल यात मावत नाही," परीक्षित म्हणाला.

"डॅड, जस्ट फॉरमॅट इट इन एक्सफॅट. एव्हरीवन डज," लेक अनिका फोनमधून मान न काढता म्हणाली.

"एव्हरीवनला काय कळतंय? लिहिता लिहिता वीज गेली तर त्याचं काय होतं, माहितीये?"

"अरे, पण आपण फक्त बघणार आहोत ना?" आश्लेषा म्हणाली. "लिहिणार कोण आहे?"

हा प्रश्न परीक्षितने ऐकलाच नाही. त्याने आपल्या लिनक्सच्या लॅपटॉपवर एफटूएफएस निवडली. खास फ्लॅशसाठी घडवलेली फाइल सिस्टीम, चिपची झीज सगळीकडे सारखी वाटून देणारी! ड्राइव्ह खिशात घालताना त्याचा चेहरा नवरदेवासारखा खुलला होता.

पंचाहत्तरीच्या संध्याकाळी भाड्याच्या हॉलमध्ये दिवे मंद झाले. सासूबाई पैठणी सावरून पुढच्या रांगेत बसल्या. परीक्षितने ड्राइव्ह टीव्हीला लावला. टीव्ही म्हणाला, काहीही जोडलेलं नाही. काढून परत लावला. टीव्ही आपल्या मतावर ठाम; लिनक्सची ती फाइल सिस्टीम त्याला ओळखताच येत नव्हती.

"माझा लॅपटॉप घ्या की," पाहुण्यांमधले नरेंद्रकाका म्हणाले. काका आज्ञाधारक माणूस. त्यांच्या विंडोजलाही ड्राइव्ह वाचता येईना; त्याने विचारलं, ही डिस्क फॉरमॅट करायची का? परीक्षित 'काका, थांबा' म्हणेपर्यंत काकांनी 'हो' दाबलं होतं.

"झालं बरं का," काका समाधानाने म्हणाले. "आता अगदी रिकामी आहे."

परीक्षित गाडीकडे पळाला. नशिबाने मूळ फिल्म घरच्या कॉम्प्युटरवर होती. या वेळी त्याने निमूटपणे एक्सफॅट केलं.

तो परतला तेव्हा हॉल हसून लोळत होता. वेळ काढायला सासूबाईंनी माइक हातात घेतला होता आणि आपलं लग्न चुकीच्या मांडवात कसं लागता लागता राहिलं ते साग्रसंगीत सांगत होत्या. गोष्ट संपेपर्यंत कुणी परीक्षितला टीव्हीजवळ फिरकू दिलं नाही.

शेवटी फिल्म लागली. पहिल्या झटक्यात. पडद्यावर नागपूरचे मामा आले, घसा खाकरून म्हणाले, "ताई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि हो, आपले जावई पेन ड्राइव्हमधले तज्ज्ञ आहेत, म्हणून ही फिल्म तुम्हाला विनाविघ्न बघायला मिळतेय. परीक्षितरावांसाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात अनिकाने वाजवल्या.