अक्कलदाढ आणि धुळ्याचे पाहुणे

दाढ आजच काढून घ्यावी, हा निर्णय माझा. प्रमिला, म्हणजे आमची सौ., म्हणत होती, "अहो, दोन वाजता सुनंदाला बघायला धुळ्याकडची मंडळी येताहेत. दाढ काय पळून जाणार आहे?" पण धाकट्या बहिणीच्या स्थळासमोर घरचा कर्ता पुरुष गाल धरून विव्हळत बसलेला बरा दिसेल का?

साडेबाराला जळगावातल्या डॉक्टरांनी अक्कलदाढ काढली (तिचा आजवर उपयोग झाल्याचं प्रमिलाच्या ऐकिवात नाही), तिथे कापसाचा बोळा ठेवला आणि सूचनांची चिठ्ठी दिली. ती मी न वाचता खिशात घातली. सरकारी नोकरीची सवय! घरी मेहरूणला पोचताच, दुखायच्या आधीच बंदोबस्त म्हणून उपाशीपोटी दोन गोळ्या घेतल्या.

मंडळी वेळेवर आली. मुलाचे वडील गिरधरआबा आणि आई भिकुबाई. माझा अर्धा चेहरा बधिर, तोंडात बोळा.

आबांनी विचारलं, "भाऊ, पोर कितली शिकेल शे?"

मी 'बी. ए.' म्हणालो. बाहेर पडलं, "भ्यॅ!"

"भ्यातस? कोनले भ्यातस?"

माझे डोळे आपोआप प्रमिलाकडे वळले. आबांनी समजुतीने मान हलवली.

तेवढ्यात पोह्यांच्या फोडणीचा वास नाकात शिरला. मी उठलो, पाहुण्यांना नमस्कार केला (हा शिष्टाचार मी सोडला नाही) आणि मोरीकडे धावलो. पुढचा आवाज शेजारच्या गल्लीतही गेला असावा. बोळाही गेला.

"किती गोळ्या घेतल्या?" प्रमिलाने विचारलं. मी दोन बोटं दाखवली.

"आणि खाल्लं काय?" मी तीच दोन बोटं मिटली.

सुनंदाने माझ्या खिशातून चिठ्ठी काढली आणि लाजणं विसरून खणखणीत वाचली, "आधी मऊ, गार खाणं, मग एकच गोळी. रक्त गिळल्यास मळमळते. जोरात थुंकू नये. भाऊ, यातलं तुम्ही काय पाळलंत?"

मग तिने सूत्रं हाती घेतली. नवा बोळा दिला, उशीला टेकवून बसवलं, फडक्यात बर्फ बांधून गालावर धरला. मळमळ कमी झाल्यावर घोट घोट पाणी. भिकुबाई स्वतः चुलीशी गेल्या, भाताची पेज करून गार केली आणि तासाभराने चमच्याने भरवली. मी कर्ता पुरुष, होणाऱ्या विहीणबाईंच्या हातून पेज पीत होतो.

"पोर पसंत शे," आबा म्हणाले. "आजारी मानूसले दटाडाले हिंमत लागस."

प्रमिलाने डोळे पुसले. सुनंदा आत पळाली. आणि माझ्या जिभेत जीव आला! बोळाही पेजेआधीच काढला होता. मी आनंदाने दाढेची हकिकत पहिल्या कळेपासून सांगायला घेतली. इंजेक्शनपर्यंत पोचायला पाऊण तास लागला. आबा दोनदा डुलकले.

निघताना ते दारात थांबले. "बठ्ठं ठरनं. फक्त एक अट शे. लगीनमा भाऊनी तोंडमा बोळा धरीसन बसानं."

मी हसणार, तोच प्रमिला गंभीरपणे म्हणाली, "आबा, काळजी करू नका. तारीख डॉक्टरांना विचारूनच धरू. ह्यांच्या अजून तीन अक्कलदाढा शिल्लक आहेत."