दामल्यांचा कॅप्टनसाहेब

अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये कुणीही जेवायला बोलावलं, की दामले घरामागच्या लाकडी डेकवर पाय ठेवण्याआधी गुडघे टेकून खालच्या तुळया बघायचे. मग हात झटकत म्हणायचे, "खालून बघितल्याशिवाय वर उभं राहायचं नाही. साहेबाचा नियम."

मुलगा ओशाळायचा. "बाबा, डेक पास झाला असेल तर जेवूया?"

साहेब म्हणजे कॅप्टन पेंडल, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला लष्करी इंजिनिअर. विशीत हिंदुस्थानात आला, सह्याद्रीत घाटरस्ता आखला, पुरात वाहून गेलेला पूल पुन्हा बांधला आणि तापानं खंगून कर्नल म्हणून मायदेशी परतला. पाटबंधारे खात्यात असताना दामल्यांना एका डाकबंगल्यात त्याचे नकाशे सापडले. निवृत्तीनंतर मुलाकडे आल्यावर ते रोज लायब्ररीत बसून त्याचं चरित्र लिहीत. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढतानाही, "साहेबानं आधी पाणी कुठं जाईल ते बघितलं असतं," हे ठरलेलं.

२००४च्या गणेशोत्सवात तिथल्या मराठी मंडळानं त्यांना भाषणासाठी वीस मिनिटं दिली. सूत्रसंचालक मी.

"अहो, मला मागंच बरं," त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी म्हणत होत्या.

"आज नाही. आज पहिल्या रांगेत," दामले म्हणाले.

भाषणाच्या नवव्या मिनिटाला मी दामल्यांपुढे चिठ्ठी सरकवली: आवरा. साहेबाचा पूल अजून अर्धाच झाला होता. दामल्यांनी कागदांची घडी केली आणि ते खाली उतरले. विचारणाऱ्यांना मी सांगितलं, "मधेच विसरले हो." लोक हसले.

आज लिहून ठेवतो: दामले काहीही विसरले नव्हते. वेळही होता. पुढचा नाच माझ्या नातीचा होता आणि जावई कॅमेरा लावून ताटकळला होता.

जानेवारीत सुमतीवहिनी गेल्या. भेटायला गेलो, तेव्हा दामल्यांनी ते भाषण माझ्या हातात दिलं. शेवटच्या पानावर होतं:

"साहेबाच्या कागदपत्रांत त्याच्या बायकोबद्दल दीड ओळ आहे. माझ्या सोळा बदल्या झाल्या. सोळा वेळा सुमतीनं घर मांडलं, मोडलं. धरणांच्या कोनशिलांवर मंत्र्यांची नावं आहेत. म्हणून तिचं नाव आज इथं, सर्वांसमक्ष घेतो."

मी सगळं कबूल केलं. नातीचा नाचसुद्धा.

दामल्यांनी कागद परत घेतले, कडा जुळवल्या.

"तुमचं सोडा हो," ते म्हणाले. "त्यानंतर चार महिने ती घरातच होती. रोज सकाळी समोर बसून चहा प्यायची. तिथं मला कुणी अडवलं होतं?"