रेक्टरबाई आणि उद्याची राजवट

चष्मेवाल्याच्या दुकानाला रविवारी सुट्टी असे आणि त्या दिवशी दुपारी दोन ते पाच या वेळात त्याच्या घरात जगाचं वाटोळं होत असे. म्हणजे टीव्हीवर. विज्ञानपटांचं वेड त्याला शाळेपासून होतं, पण त्यातही उद्याचं जग जितकं भयाण, तितकी स्वारी खूश. राखाडी कपड्यांतली माणसं, भिंतीभिंतीवर कॅमेरे, जेवायला रांगा, भोंगा वाजला की दिवे बंद, असं काही दिसलं की तो मांडी ठोकून बसे. आठवड्यातले हे तीन तासच काय ते त्याच्या मालकीचे होते. ते टिकावेत म्हणून बाकीचे सगळे तास तो निमूटपणे घरच्यांचं ऐके.

सासूबाई महिनाभर राहायला येणार म्हटल्यावर तो हबकला तो या तीन तासांपायी. बाई तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. त्या निवृत्त झाल्या, पण आवाज अजून नोकरीतच होता.

पहिल्याच रविवारी त्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"जावईबापू, एक विचारू? खऱ्या जगात कटकटी काय कमी आहेत? मग ह्यात तुम्हाला आवडतं तरी काय?"

प्रश्नात खोच नव्हती. बाईंना खरंच जाणून घ्यायचं होतं. चष्मेवाल्याने टीव्हीकडे बोट दाखवलं.

"तुम्हीच बघा ना, आई. बघितल्याशिवाय कळायचं नाही."

इथेच त्याने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. दहाव्या मिनिटाला सासूबाईंनी वही मागवली.

"चार हजार माणसं आणि जेवण अर्ध्या तासात उरकलं? आमच्याकडे दोनशे मुलींना दीड तास लागायचा!"

नायक कुंपणाखालून पळाला तेव्हा चष्मेवाल्याने श्वास रोखून धरला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "संध्याकाळची हजेरीच घेत नाहीत. दुसरं काय होणार?"

"आई, ते सरकार दुष्ट आहे हो!"

"असेल. पण सगळ्यांचे कपडे एका रंगाचे. धुवायला किती सोपं!"

सोमवारी फ्रिजवर वेळापत्रक लागलं आणि घरात घंटा आली. बुधवारपासून आपापलं ताट घेऊन ओट्यापाशी रांगेत उभं राहायचं ठरलं. बाहेरून येणाऱ्याने मोबाइल टोपलीत टाकायचा आणि टोपली सांभाळायची दहा वर्षांच्या कन्येने, कारण तिची मॉनिटर म्हणून नेमणूक झाली होती. एवढंही चष्मेवाल्याने गोड मानून घेतलं. पण शनिवारी वेळापत्रकात नवी ओळ आली: 'रविवार, दोन ते पाच, माळा साफ करणे. जबाबदारी: जावईबापू.'

त्याचं रक्त उसळलं. असल्या राजवटी कशा उलथवतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आधी आतली माणसं फोडायची. रविवारी सकाळी त्याने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, म्हणजे बोलणं बाहेर जायला नको, आणि बायकोच्या कानाशी लागला.

"तू माझ्या बाजूने आहेस ना?"

"आधी नळ बंद करा. आणि अहो, बारा वर्षांत पहिल्यांदाच आठवडाभर 'आज भाजी काय करू' हा विचार माझ्या डोक्यात आलेला नाही. मला नका ओढू तुमच्या भानगडीत."

मग त्याने लेकीपुढे चॉकलेट धरलं. तिने ते खाल्लं आणि वहीत त्याचं नाव लिहिलं.

"अगं, हे काय?"

"कट करणाऱ्याचं नाव कळवायचं असतं, बाबा. तुमच्याच पिक्चरमध्ये असतं ना तसं!"

पावणेदोन वाजता सासूबाईंनी बोलावणं धाडलं. आता काय तो सोक्षमोक्ष, असं मनाशी म्हणत तो गेला. पण बाई चिडलेल्या नव्हत्या. त्यांना एक शंका होती.

"या राजवटी शेवटी कोसळतातच म्हणे. एवढा बंदोबस्त असून? कोण पाडतं हो?"

"एक साधा माणूस असतो, आई. जन्मभर मान खाली घालून सगळ्यांचं ऐकत आलेला. आणि एके दिवशी तो ताठ उभा राहतो, सगळ्यांसमोर म्हणतो, 'नाही!'" बोलता बोलता त्याची मान ताठ झाली. "तुम्ही विचारलं होतंत ना, मला काय आवडतं? हेच आवडतं."

सासूबाईंनी चष्मा नाकावर सरकवून त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत अगदी मायेने पाहिलं. मग वही मिटली.

"मग आपल्याला काही धोका नाही," त्या म्हणाल्या. "दोन वाजत आले, शिडी आणा."

चष्मेवाल्याने शिडी आणली.