झोपेचा ताबा

शुक्रवारी सकाळी कोर्टाच्या बेलिफाने बाबूलाल नदाफांची झोप खोलीतून उचलून ओट्यावर आणून ठेवली.

ओली गादी उचलावी तशी ती दोन माणसांनी धरून आणली. रंगाने जुन्या कापसासारखी, मधोमध थोडी खोलगट.

खोली भाड्याची. पुढच्या भागात बाबूलालचाचा गाद्या भरत, मागच्या भागात राहत. मालक कोठावळ्यांना धंद्याची जागा परत हवी होती. कोर्टाने ती त्यांना देववली आणि राहण्याची जागा चाचांकडे ठेवली. मधे भिंत नव्हती, म्हणून धंद्यात काय काय येतं ते साक्षीत विचारलं गेलं.

चाचांनी खरं ते सांगितलं. "गादी भरली की मी तिच्यावर एक झोप काढतो, साहेब. आत गोळा राहिला असला तर पाठीला कळतं. त्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही. वडिलांचीही हीच रीत होती."

त्यामुळे झोप धंद्यात धरली गेली, आणि धंद्याच्या सामानाबरोबर तीही खोलीतून हलवायचा हुकूम झाला.

बेलिफ जगदाळे वाईट माणूस नव्हता. त्याच्या बहिणीच्या लग्नातली गादी चाचांनीच भरलेली. तो म्हणाला, "चाचा, हिच्यात काही घरगुती असलं तर आत्ताच काढून घ्या. मागाहून मला बोल लावू नका."

"माझी बायको आहे," चाचा सावकाश म्हणाले. "हाजराबी. जाऊन तीन वर्षं झाली. आता तिथंच भेटते."

जगदाळेने झोपेची कड उचलून आत पाहिलं. "आहेत," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "राहतात, की कामाला असतात?"

चाचा झोपेजवळ उकिडवे बसले.

"राहत असतील तर इथंच उतरवून घेतो. नुसत्या बसून असतात, एवढं म्हणा. पुढचं मी बघतो."

चाचांनी वाकून पाहिलं. हाजराबी मांडी घालून कापसातली सरकी वेचत होती. पदर भरला होता. मान वर न करता ती म्हणाली, "उजेड सोडा की जरा."

चाचा बाजूला झाले.

"नुसती?" ते म्हणाले. "नुसती कधी बसली नाही हो ती."

जगदाळेने झोपेची कड खाली सोडली. "मग कामावरच्या," तो म्हणाला.

"अहो, हातगाडीवाला खोळंबलाय!" कोठावळे पलीकडून ओरडले.

माणसं झोप दोरीने बांधू लागली. दोरी सैल पडत होती. चाचांना ते बघवेना.

"गादी अशी बांधतात का? वाटेत सुटेल. सरका."

त्यांनी गुडघा देऊन ती गुंडाळली, दोरी आवळली. एका टोकाला मात्र बोटभर फट ठेवली. तिला उजेड लागायचा.

गाडी वळणाआड गेली. चाचा आत आले आणि मागच्या भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून बसले. राहायची त्यांना परवानगी होती.