राजे कपिलरावांच्या नसबंदीची मोहीम

श्रीविघ्नहर्ता लेखणीस बळ देवो, आणि वाचणारांस हसू आवरो न आवरो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी तिसऱ्या मजल्यावरील राज्यात, ज्याचे नाव लिहीत नाही कारण शेजारी ओळखतील, राजे कपिलराव राज्य करीत होते. राणी गौतमीबाई दुसऱ्या बाळंतपणात रक्तस्रावाने जातां जातां राहिल्या, आणि कन्यारत्न जाहले, आणि मायलेकी वाचल्या, परंतु राजियांनी दवाखान्याचे बाकावर जी धास्ती घेतली ती सरेना. तिसरे मूल नको हा निश्चय जाहला, मग प्रश्न पडिला की शस्त्राखाली कोणी जावे. राजमाता आऊसाहेब वदल्या, "आपल्यात हे बायकाच करतात. मी नाही का केलं? पुरुषाची ताकद जाते त्यानं." राजे बोलिले, "तिनं पुष्कळ सोसलंय, आई. आता माझी पाळी." बोलून गेले खरे, परंतु राजे सुईस भिणारे, रक्त तपासावयास गेले तरी डोळे फिरवून पडावे असा त्यांचा लौकिक. हे राणीसाहेबांस ठाऊक, म्हणोन त्यांस रडूही आले आणि हसूही आले.

मग राजे हकीम मुश्ताकसाहेबांचे भेटीस गेले. हकीम मोठे शांत. म्हणाले, "राव, जागा बधिर करतो, थोडक्यात आटोपतं. ताकद, दाढी, मिशी, सगळं जिथल्या तिथं राहतं." आणि तयारी सांगितली की त्या मुलखातील जंगल आधी साफ करावे, आणि स्नान करून यावे, आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्यास लपवू नये, आणि नंतर आधारास घट्ट लंगोट आणावा. राजियांचे जामदारखान्यात सर्व ढगळ चड्ड्या. मग दिवाण विश्रामराव, जे राजियांचे बालमित्र, तालमीत गेले आणि वस्तादांकडून तांबडा कोरा लंगोट घेऊन आले. जंगल साफ करितां राजियांनी वस्तरा दोन ठिकाणी लावून घेतला, आणि मोहिमेतील पहिले रक्त तेथेच सांडले.

शस्त्रक्रियेचे दिवशी राजे टेबलावर पहुडले, आणि हकिमांनी सुई नुसती उचलिली तों राजे "आई गं" करून ओरडले. मग जागा बधिर जाहली, आणि हकीम क्रिकेटाच्या गोष्टी सांगत राहिले. काही वेळाने राजे पुसते जाहले, "सुरू कधी करणार?" हकीम बोलिले, "उठा सावकाश. झालं." आणि निक्षून सांगितले की बर्फाने शेकावे, आठवडाभर जड उचलू नये, धक्का लागू देऊ नये, आणि गडावर जुनी शिबंदी अजून शिल्लक असते, सबब तीन महिन्यांनी तपासणी होईतोवर मूल न राहण्याचा पूर्वीचा बंदोबस्त मोडू नये. मग रिक्षात बसून स्वारी निघाली, आणि विश्रामरावांनी प्रत्येक गतिरोधकापाशी रिक्षावाल्यास हात जोडिले. घरी राजे पलंगावर विराजमान जाहले, आणि राणीसाहेबांनी गोठल्या मटारचे पाकीट फडक्यात गुंडाळून योग्य स्थळी ठेविले.

परंतु आऊसाहेबांस लोकलज्जा फार. त्यांनी राजे आणि राणीसाहेब दोघांकडून न बोलण्याचे वचन घेतले आणि जिन्यात वार्ता सोडिली की कपिलची कंबर लचकली. इथेच घात जाहला. तळमजल्यावरील यमूमावशी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या, आणि पायाळू माणसाने लाथ मारली की लचक जाते हे त्या राज्यात सर्वमान्य. मावशी चार बायकांसह शहाळी घेऊन वर आल्या आणि गरजल्या, "पालथा हो रे बाळा. एकच घालते, उद्या पळायला लागशील." राजियांचे तोंड पांढरे पडले, त्यांनी मटार गच्च धरिले. राणीसाहेब वचनात अडकून ओठ चावू लागल्या. मावशींनी पदर खोचिला, निऱ्या सावरिल्या, आणि पाय उचलिला. तों आऊसाहेब मध्ये धावल्या आणि ओरडल्या, "लाथ नको! कंबरबिंबर काही नाही! माझ्या मुलानं नसबंदी करून घेतलीय!"

मावशींचा पाय अधांतरी राहिला. आऊसाहेबांस आता थांबवेना. "माझं ऑपरेशन झालं, तेव्हा टाके ओले असताना मी पाणी भरत होते. कोणी विचारलं नाही. याच्या वडिलांनीही नाही. आणि हा बायकोसाठी आपणहून गेला. मी लाजत होते, मेली मी." असे म्हणोन त्या रडू लागल्या, आणि राणीसाहेबांनी त्यांस पोटाशी धरिले. राजे उठू पाहतां मावशी म्हणाल्या, "तू पडून राहा, नाहीतर खरंच घालीन." मग त्यांनी पहिले शहाळे फोडून आऊसाहेबांचे हाती दिले आणि म्हणाल्या, "तेव्हाचं राहिलं होतं, ते आज घे."

सारांश, राजे आठवड्यात बरे जाहले, ताकद मिशीसकट जागेवर राहिली, तीन महिन्यांनी तपासणीत गड मोकळा निघाला, आणि राजे आणि राणीसाहेब दोघांचे मनातील भय गेले. पुढे कोणाचे घरी सून बाळंत जाहली की आऊसाहेब बाळ पाहावयास जातात, बाळाची दृष्ट काढितात, आणि मग बाळाचे बापाकडे वळून पुसतात, "तू कधी जातोस?" येणेप्रमाणे वर्तमान घडले ते लिहिले.