एकवीस शिट्ट्यांचं सील

आमच्या गल्लीत कोणाकडे काय शिजतंय हे नाकाने ओळखणारे बरेच आहेत. कानाने ओळखणारे एकटे ठमकेभाऊ. रस्त्याने जाता जाता ते थबकतात, मान वाकडी करतात आणि बंद दारासमोरून आवाज देतात, "वहिनी, गास्केट गेलं जी तुमच्या कुकरचं. शिट्टी रडून राह्यली." आतली बाई आधी दचकते, मग कुकर उघडून बघते. गास्केट गेलेलंच असतं. ठमकेभाऊ ते जुनं गास्केट मागून घेतात, खिशात घालतात आणि पुढच्या घराकडे कान लावतात.

ठमकेभाऊ माझे शेजारी. घाटंजीत ते पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्हमन होते. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून चौकाचौकातले व्हॉल्व्ह फिरवायचे आणि कुठे पाणी झिरपतंय ते हुडकायचं, यात त्यांची सारी नोकरी गेली. त्यामुळे जगात त्यांना दोनच प्रकार दिसतात, गळणारं आणि न गळणारं. माणसांनाही तेच माप. कोणाच्या तोंडात गोष्ट राहत नसेल तर "त्याचं वॉशर ढिलं आहे". माझ्याबद्दल त्यांचं मत "सर थेंब थेंब गळते" असं आहे. मी शाळेत इतिहास शिकवतो, बोलणं हाच माझा धंदा, पण माझी बायकोही या मताशी सहमत असल्यामुळे मी वाद घालत नाही.

त्यांच्या अंगणात एक जुनी डिझेल जीप आहे. तिला छत आहे असं ते म्हणतात. या जीपच्या हीटर प्लगपायी आमच्या गल्लीने आठ वर्षं जे सोसलं, ते मी इथे सांगणार आहे.

थंडीत डिझेल इंजिन सहजासहजी जागं होत नाही. त्याच्या पोटात बोटाएवढे हीटर प्लग असतात. किल्ली अर्धी फिरवायची, प्लग आत लाल होतात, शांतपणे वीसपर्यंत मोजायचं आणि मग स्टार्टर मारायचा. प्लगच्या आत तारेभोवती पांढरी पूड ठासलेली असते. तिला ओल लागली की प्लग मेला. ती ओल अडवायला वर एक रबराची रिंग असते, आणि ठमकेभाऊंचा सगळा जीव त्या रिंगेत. "खाली आग, वर दव, अन् मधात एवढंसं रबर," ते कळवळून सांगतात. "दोन्हीकून मार. थे कडक नाई होईन तर काय होईन?"

म्हणून त्यांनी स्वतःचं सील बनवायला घेतलं. खाली तांब्याचं वॉशर, त्यावर पितळेची टोपी, आणि टोपीच्या आत, आगीपासून जितकी लांब नेता येईल तितकी लांब, कुकरच्या गास्केटमधून कापलेली रिंग. चित्रं लग्नपत्रिकांच्या पाठीवर. माझ्या मेहुणीच्या लग्नाची पत्रिका मला त्यांच्याकडेच शेवटची दिसली, वधूवरांच्या नावांमागे टोपीचा आडवा छेद काढलेला.

सील तपासायची त्यांची पद्धत मात्र कुठल्याही कारखान्यात सापडणार नाही. एक पोकळ पितळी नळी घ्यायची. तिच्यात भाजलेल्या पापडाचा तुकडा ठेवायचा. तोंडाला नवं सील बसवायचं आणि नळी कुकरमध्ये टाकून शिट्ट्या काढायच्या. मग पापड बाहेर काढून कानाजवळ मोडायचा. कट्कन वाजला तर सील पास. मऊ पडला तर नापास, आणि तो तुकडा ते निमूटपणे खाऊन टाकायचे.

शांतावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, स्वतःचा कुकर लपवून ठेवल्यावर त्यांचा मोर्चा आमच्याकडे वळला. "वहिनी, तुमचं वरण होऊ द्या, मायी नळी बाजूले बसते गपचूप." त्या हिवाळ्यात आमच्या वरणाला ग्रीसचा वास येई. बायको म्हणाली, माणूस चांगला आहे, खा. मी खाल्लं.

सील आधी तीन शिट्ट्यांवर फुटायचं. मग सहा. नऊ झाल्या तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

हे वेड कशापायी, ते मला त्यांच्या मुलीने, सुजाताने सांगितलं. आठ हिवाळ्यांपूर्वी तिची सरकारी नोकरीची लेखी परीक्षा यवतमाळला होती. ठमकेभाऊ म्हणाले, बस कायले, बापाची जीप आहे. पहाटे किल्ली फिरवली तर चारपैकी तीन प्लग मेलेले. आठजणांनी जीप ढकलली. ती चालू झाली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तरी बापाने तिला यवतमाळला नेलंच, आणि दोघं बंद फाटकासमोर उभे राहून परत आले.

"मी तर केव्हाच विसरली काका," सुजाता हसत म्हणाली. ती आता खासगी शाळेत शिकवते. "बाबा नाही विसरले. त्या दिवशी मी रडली ना फाटकापाशी, थेच धरून बसले."

मधली वर्षं जागाच निघाल्या नाहीत. यंदा निघाल्या. तीच परीक्षा, तोच डिसेंबर, यवतमाळच, आणि तिच्या वयात बसणारी ही शेवटची संधी. गल्ली म्हणाली, बसने पाठवा. शांतावहिनी म्हणाल्या, आदल्या दिवशी माझ्या बहिणीकडे राहू दे तिला. ठमकेभाऊ म्हणाले, "पोरगी जीपनंच जाईन." सुजाताने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि जीपला हो म्हणाली.

नव्या सिलाचे प्लग बसवल्यापासून परीक्षेपर्यंत एकवीस रात्री होत्या. एक शिट्टी म्हणजे एका रात्रीचं दव, असा ठमकेभाऊंचा हिशेब. हे गणित कुठून आलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. आमच्या कुकरने एकवीस शिट्ट्या दिल्या. डाळीची खळ झाली. पापड कट्कन वाजला.

मला मात्र धीर नव्हता. मी कोणाला न सांगता गावातल्या सलीमला गाठलं. त्याची भाड्याची पांढरी गाडी आहे. म्हटलं, त्या पहाटे कोपऱ्यावर उभा राहा, जीप बसली तर पोरीला घेऊन नीघ. तो माझ्याकडे पाहून नुसता हसला. "बेफिकीर रहा सर," म्हणाला.

परीक्षेच्या पहाटे जीपवर दव साचलं होतं. मी साक्षीदार म्हणून मागे बसलो. शांतावहिनी दारात हात जोडून उभ्या. ठमकेभाऊंनी किल्ली अर्धी फिरवली. लाल दिवा लागला. ते मोठ्याने मोजू लागले आणि बारानंतर त्यांचा आवाज कापायला लागला. उरलेले आकडे सुजाताने मोजले. वीसला त्यांनी स्टार्टर मारला आणि जीप पहिल्या झटक्यात धडधडू लागली. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बहुधा माझी बायको.

वाटेत मागे वळून पाहिलं तर पांढरी गाडी लांबून येतच होती. मी सलीमला फक्त कोपऱ्यापर्यंतचं सांगितलं होतं. भला माणूस, मनात म्हटलं.

केंद्राचं फाटक उघडायच्या दीड तास आधी आम्ही पोचलो. सुजाता आत जाईपर्यंत ठमकेभाऊंनी इंजिन बंद केलं नाही. ती आतून हात हलवून दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी किल्ली काढली आणि रुमालाने तोंड पुसलं.

"भाऊ, आता हे सील कोण्या कंपनीला दाखवा," मी म्हणालो.

"आता कायले? पोरगी पोचली ना." मग जरा थांबून म्हणाले, "सर, सलीमले फोन लावा. म्हणा, गेली आत, तू जाय वापस. उपाशी असन बिचारा."

मी गारच पडलो. "तुम्हाला कसं कळलं, मी त्याला सांगितलंय म्हणून?"

"तुमी सांगतलं? मीनं त्याले महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. फाटकापर्यंत मांगं मांगं ये म्हटलं."

"अहो, मग मला का नाही बोललात?"

"तुमी थेंब थेंब गळता, सर. तिले समजलं असतं का बापालेच भरोसा नाई, तर थे जीपमधी बसली नसती." ते फाटकाकडे बघत राहिले. "सील फुटलं तर दुसरं बनवता येते. पोरीले अजून एकडाव तसं रडतांनी पाहाची ताकद नव्हती मायात."

त्यांनी सीटखालून पितळी नळी काढली. एकवीस रात्री ती तसंच सील लावून प्लगांच्या शेजारी, बॉनेटखाली बांधलेली होती; निघताना त्यांनी ती सोडवून घेतली होती. टोपी फिरवून त्यांनी पापडाचा तुकडा तळहातावर घेतला, कानाजवळ नेला आणि मोडला. तो कट्कन वाजला. अर्धा त्यांनी मला दिला.