गेंड्याला एक्सल पाहणे आहे

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतात. टेकचंदभाऊ आधी त्याच्या गाडीखाली शिरतात.

मी वाढवून सांगत नाही. माझ्या मोठ्या मुलीला पाहायला तिरोड्याहून मंडळी आली तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, मुलीची उंची विचारून झाली, आणि मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "मुलीचे मामा दिसले नाहीत?" मामा अंगणात होते. म्हणजे मामांचे पाय अंगणात होते, बाकीचे मामा पाहुण्यांच्या गाडीखाली होते. हाक ऐकून बाहेर आले, पायजम्याला हात पुसले आणि होणाऱ्या व्याह्यांना म्हणाले, "तुमच्या डाव्या बाजूचा पाटा बसला जी. सोयरीक होत राहीन, पयले तो बदलवा."

मी डोळे मिटून घेतले. सोयरीक मात्र जमली. व्याही अजून म्हणतात, ज्या घरचा मामा इतका तोंडावर खरं बोलतो तिथली मुलगी डोळे झाकून करावी.

टेकचंदभाऊ म्हणजे माझ्या बायकोचे चुलत भाऊ. मी गोंदियाजवळ मुर्रीत राहतो, आणि मुर्री हे माझं सासर. घरजावई म्हणू नका, घर माझ्या पैशाचं आहे, फक्त गाव सासऱ्याचं आहे. पण गावाला हा फरक कळत नाही. दूधवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळे मला जवाईच म्हणतात. माझं खरं नाव लाइटबिलावर तेवढं उरलं आहे.

भाऊंची धानाची शेती आहे, साठी उलटलेली आहे आणि गेंडा आहे. गेंडा म्हणजे लष्कराच्या लिलावातून आणलेला, चारही चाकांनी ओढणारा जुना ट्रक. हे नाव पोरांनी ठेवलं. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत कुणाचा ट्रॅक्टर बांधीत, त्या चिखलाच्या खाचरात, पोटापर्यंत रुतला की भाऊंना फोन येतो आणि गेंडा बांध चढत, चिखल उडवत निघतो. मागे टपावर अर्धं गाव. मीही एकदा बसलो होतो. माझा चष्मा अजून त्या बांधीत आहे.

मागच्या पावसाळ्यात नाल्यातून एक ट्रॅक्टर ओढताना गेंड्याच्या बुडाखाली तोफ डागल्यासारखा आवाज झाला. मागचा एक्सल गेला. एक्सल म्हणजे दोन चाकांमधला दांडा, असं मला वाटायचं. तसं एकदा बोललो, तर भाऊंनी मला संध्याकाळभर समजावलं. तेव्हापासून मी कोणत्याच दांड्याला दांडा म्हणत नाही.

गेंडा अंगणात विटांवर चढला आणि प्रश्न उभा राहिला. एक्सल ऑर्डरचा घ्यायचा की भंगारातला? पंजाबात एक कारागीर होता, तो मापानं नवाकोरा, दुप्पट जाड बनवून द्यायचा. आणि रायपूरच्या भंगारात मोठ्या गाड्यांचे जुने एक्सल मिळायचे, ते कापून, जोडून, ठोकून बसवता येत होते.

झालं! मुर्रीत दोन पक्ष पडले. रोज संध्याकाळी भाऊंच्या अंगणात सभा. भंगार पक्षाचा पुढारी कुंवरलाल वेल्डिंगवाला. ऑर्डर पक्षाचा पुढारी मी. मला यातलं काय कळतं, हे विचारू नका. पक्षाला पुढारी लागतो आणि माझ्याकडे इस्त्रीचा शर्ट होता.

"ऑर्डरचा माल म्हणजे मोबाइलवरचा फोटो गा," कुंवरलाल म्हणायचा. "चिखलात उतरू दे, मंग पाहू गोरा का कारा."

"अरे, जुन्या लोखंडाला थकवा येतो!" मी ओरडायचो. "मी व्हिडिओ पाहिला आहे!"

"थकवा? अन् तुमाले नाही आला काय, जवाई? तरी चालूनच राहिले नं?"

हशा व्हायचा. त्यात माझ्या बायकोचा आवाज सगळ्यांत मोठा. "ह्यांच्या स्कूटरले रोज सकारी मी धक्का मारतो, अन् हे गेंड्याचा एक्सल निवडून राहिले!"

भाऊ दोन्हीकडे मान डोलवायचे. आज ऑर्डर पटायची, उद्या भंगार. मधेच उठून आत जायचे आणि सगळ्यांचा चहा घेऊन यायचे. वहिनी गेल्यापासून चहा तेच करतात. मुलगा बंगलोरला, त्याचा फोन रविवारी येतो. कुंवरलालला बिनसाखरेचा, मला आलं घालून, बायकोला कपभर नुसतं दूध. एवढ्या लोकांत कधी कपाची अदलाबदल झाली नाही.

दिवाळी गेली, होळी गेली, गेंडा विटांवरच. मे महिना तापला तशी लोकांची घालमेल वाढली. सौंदडच्या एका नातेवाइकानं सरळ फोन केला, "टेकचंद, औंदा रोवणीले गेंडा आहे का नाही, ते सांग बाबा. नसंन तं मी दुसरा पाहतो." त्या दिवशी भाऊंचं जेवण झालं नाही. दुसऱ्या सकाळी म्हणाले, "चला जवाई, रायपूरले. शर्ट चांगला घाला."

"भंगारात जायला चांगला शर्ट कशाला?"

"पाहाले जाऊन राहिलो आपन!"

आणि खरोखर, तो सगळा कार्यक्रम मुलगी पाहण्याचाच झाला. गाडीत कुंवरलाल समोर, मी खिडकीशी, भाऊंच्या मांडीवर चिवड्याची पिशवी. भंगारवाल्यानं ओळीनं एक्सल मांडलेले. भाऊ प्रत्येकाखाली आडवे व्हायचे, बोट फिरवायचे, हुंगायचे आणि चौकशी करायचे.

"किस गाडी का है?"

"कोयले की गाडी का, चाचा."

"डायवर पीता था क्या?"

भंगारवाला माझ्याकडे पाहायला लागला. मी आभाळाकडे पाहिलं.

"अब ये मैं कैसे बताऊँ, चाचा?"

"घरानं-खानदान पाहा लागते, जवाई," भाऊ मला हळूच म्हणाले. "पिनाऱ्याच्या हाताखालचा एक्सल गड्ड्यात आपटलेला राह्यते."

एक धडधाकट निघाला, दोन बरे निघाले, आणि एक असा निघाला की हात लावताच गंजाचा पापुद्रा खाली पडला आणि बेरिंग डुलायला लागलं. भाऊंनी सगळ्यांना सारखाच वेळ दिला. शेवटी भंगारवाल्याला म्हणाले, "घर जाके बताते." अगदी मुलाकडचे म्हणतात तसं. परतताना कुंवरलाल गाडीत माझ्याकडे पाठ करून बसला, जसा काही मीच नकार दिला होता.

आता माझी पाळी होती! मी त्याच संध्याकाळी भर सभेत पंजाबच्या कारागिराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. काय माणूस बोलत होता! पोलाद कसलं, जाडी किती, दात कसे कापलेले. माझ्या पक्षाची छाती फुगत चालली. आठ दिवसांत माल गोंदियाला पोचवतो म्हणाला, म्हणजे पावसाच्या आत. "बाऊजी, एक बार लगाओ और भूल जाओ!" अंगणात टाळ्या पडल्या. कुंवरलालनं खाली मान घातली. मी जिंकलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणत्या तरी वादात, आणि तोही बायकोसमोर, जिंकलो होतो.

तेवढ्यात भाऊ फोनजवळ वाकले. "मतलब, खोलना कब पडेंगा?"

"खोलना? कभी नहीं!"

"साल में एखाद बार?"

"बाऊजी, आपका पोता भी नहीं खोलेगा!"

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी अंगणावरून एकदा नजर फिरवली, खाटेवर, ओट्यावर, विटांवर बसलेल्या माणसांवरून, आणि चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता एकटेच रायपूरला गेले. तिसऱ्या दिवशी टेम्पो दारात आला. ताडपत्री निघाली आणि मी पुढे होऊन पाहिलं. धडधाकट नाही, दोन बऱ्यांपैकी एक नाही. तोच, पापुद्र्याचा!

"भाऊ! हा तर दर महिन्याला खोलावा लागेल!"

"हो नं!" भाऊ म्हणाले. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर फार दिवसांत पाहिला नव्हता.

कुंवरलालसुद्धा त्या एक्सलकडे पाहून चरकला. पण मग जे काम सुरू झालं, ते पाहायला हवं होतं! ठिणग्या, ठोकाठोकी, डिझेलचा वास, बेरिंग नवं आणलं, गंज घासून घासून लोखंड चमकवलं. मीसुद्धा इस्त्रीचा शर्ट काढून पाना धरला. दोन्ही पक्ष एकाच ट्रकखाली आडवे. भाऊंचं एकच चाललं होतं, "हळू गा, हळू. कायची घाई आहे? चहा घ्या पयले."

पहिल्या सरीच्या बऱ्याच आधी गेंडा विटांवरून उतरला. मोटरपंपाचं पाणी सोडून एक बांधी मुद्दाम भिजवली होती. भाऊंनी गेंडा तिच्यात घातला. चाकं फिरली, बुडाली, थांबली. आणि मग असा उसळला गेंडा, असा बांध चढून बाहेर आला, की बाया-पोरं, म्हातारे सगळे ओरडले! मी कुंवरलालला मिठी मारली. सौंदडला फोन गेला, गेंडा तयार आहे म्हणून.

गेंडा अंगणात येऊन उभा राहिला. कौतुक झालं, चहा झाला. मग कुणी जांभई दिली, कुणाला म्हशीची आठवण झाली. लोक चपला शोधायला लागले.

"थांबा," भाऊ म्हणाले. त्यांनी इंजिन पुन्हा चालू केलं, मागचं चाक जॅकवर उचललं आणि डोकं खाली घातलं. "आवाज येऊन राहिला आतून."

कुंवरलाल खाली वाकला. बराच वेळ ऐकत राहिला. "कुठं जी? मले तं काही..."

मी त्याचा दंड धरला. मग मीही गुडघे टेकून कान लावला. इंजिनाशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. भाऊ माझ्याकडे पाहत होते.

"लगित आवाज आहे भाऊ, खूपच आहे," मी म्हणालो. "उद्या संध्याकाळी येतो आम्ही सगळे. खोलूनच पाहावं लागेल. एका दिवसात निघेलसा वाटत नाही."